कोलियस आणि हिवाळा : एका शोभिवंत वनस्पतीच्या जतनाचा इतिहास

१. विषयप्रवेश

वनस्पतींच्या स्थलांतराचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा आगमनाच्या घटनेवर खिळलेले असते. अमुक वनस्पती अमुक साली अमुक बंदरात उतरली, अमुक उद्यानात तिला प्रथम फुले आली, अमुक ग्रंथात तिचे वर्णन प्रसिद्ध झाले, अशा नोंदी एकत्र करून कालानुक्रम लावला की इतिहास पुरा झाला, असा समज रूढ झाला आहे. बटाटा, मिरची, तंबाखू यांसारख्या ज्या पिकांनी नव्या भूमीत लवकरच मूळ धरले, त्यांच्या बाबतीत ही पद्धती काही अंशी पुरेशी ठरते. परंतु जी वनस्पती नव्या भूमीत आपल्या बळावर एक वर्षही जगू शकत नाही, तिच्या बाबतीत आगमनाची तारीख ही इतिहासाची केवळ सुरुवात होय. पुढचा इतिहास दर वर्षी नव्याने घडवावा लागतो, आणि एक वर्ष जरी तो घडला नाही, तरी तो तेथेच संपतो.

प्रस्तुत लेखात अशा एका वनस्पतीचा विचार करावयाचा आहे. कोलियस हे नाव आपल्याकडील बागप्रेमी लोकांस अपरिचित नाही. तांबडी, जांभळी, पिवळी, हिरवी अशा रंगांची नक्षीदार पाने असलेले हे झाड घराच्या व्हरांड्यात, जिन्याच्या पायऱ्यांवर, शाळेच्या आवारात कुंड्यांतून लावलेले आढळते. ते तुळशीच्या कुळातील आहे. चौकोनी देठ, समोरासमोर येणारी पाने आणि शेंड्यास येणारी मंजिरी पाहिली असता हे नाते सहज ध्यानात येते. मात्र युरोप व उत्तर अमेरिका या खंडांतील उद्यानांत या झाडाने एकोणिसाव्या शतकात जे स्थान मिळविले, त्यामागे एक कठीण प्रश्न दडलेला होता. तो म्हणजे, उष्ण कटिबंधातील हे झाड हिमाच्या प्रदेशात हिवाळाभर जिवंत ठेवावयाचे कसे ? या प्रश्नाला दिलेली उत्तरे तपासली असता उद्यानकलेबरोबरच काच, कोळसा, कर, मजुरी आणि घरगुती आवड यांच्या परस्परसंबंधांवरही प्रकाश पडतो. कोलियसचा पाश्चात्य इतिहास हा त्याने पार केलेल्या हिवाळ्यांचा इतिहास आहे, हे येथे दाखवावयाचे आहे.

२. मूळ भूमी आणि नामकरण

कोलियसच्या शोभिवंत जातीचे मूळ आग्नेय आशियात आहे. मोलुक्का बेटांपैकी अंबोन येथे डच कंपनीच्या सेवेत आयुष्य घालविलेल्या रुम्फियस या निसर्गाभ्यासकाने सतराव्या शतकात तेथील वनस्पतींचे जे वर्णन लिहून ठेवले, ते त्याच्या मृत्यूनंतर १७४१ ते १७५० या काळात प्रसिद्ध झाले. त्यात हे झाड ‘मायाना’ या स्थानिक नावाने आलेले आहे. इंडोनेशियाच्या काही भागांत व फिलिपीन्समध्ये या नावाची रूपे आजही प्रचारात आहेत. ही गोष्ट लहान दिसली तरी महत्त्वाची आहे. युरोपीय रोपवाटिकांनी पुढे ज्या रंगवैचित्र्याचे श्रेय स्वतःकडे घेतले, त्याचा आरंभ त्यांच्या काचघरांत झालेला नव्हता. घराभोवती लावण्यासाठी आणि औषधासाठी हे झाड जपणाऱ्या द्वीपवासी लोकांनी रंगीत पानांचे प्रकार आधीच हाताळलेले होते.

लिनियसने १७६३ साली या झाडास तुळशीच्या प्रजातीत घातले. पुढे १७९० साली लोरेरो या पोर्तुगीज जेझुइट धर्मोपदेशकाने लिस्बन येथे प्रसिद्ध केलेल्या कोचीन-चीनच्या वनस्पतिवर्णनात ‘कोलियस’ ही प्रजाती प्रथम स्थापिली. फुलातील पुंकेसरांचे तंतू तळाशी जुळून त्यांचे एक आवरण बनते, यावरून ‘म्यान’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून त्याने हे नाव घडविले. आपल्या दृष्टीने लक्षणीय अशा दोन गोष्टी येथे नमूद कराव्याशा वाटतात. एक म्हणजे कोचीन-चीनमध्ये जाण्यापूर्वी लोरेरोचा काही काळ गोव्यात गेला होता. दुसरी म्हणजे ज्या जातीवरून त्याने ही प्रजाती बांधली, ती जात म्हणजे आपल्या परसातील पानओवा होय. ज्याच्या जाड, केसाळ, ओव्याच्या वासाच्या पानांची भजी मराठी घरांत होतात, तेच या प्रजातीचे मूळ प्रमाण आहे.

एकोणिसाव्या शतकात ब्लूमे हा जर्मन-डच वनस्पतिशास्त्रज्ञ जावातील बाउटेनझॉर्ख, म्हणजे आजच्या बोगोर, येथील उद्यानाचा संचालक होता. त्याच्या सन्मानार्थ इंग्रज शास्त्रज्ञ बेंथम याने १८३० नंतरच्या काही वर्षांत शोभिवंत कोलियसला ब्लूमेचे नाव दिले. तेच नाव पुढे शंभरावर वर्षे बागकामाच्या पुस्तकांत रूढ राहिले. त्यानंतरचा नामांतराचा इतिहास मोठा गुंतागुंतीचा आहे. १९७५ साली या झाडाची गणना सोलेनोस्टेमॉन प्रजातीत करण्यात आली. नंतर काही काळ ते प्लेक्ट्रँथस प्रजातीत गेले. २०१९ साली पेटन व त्यांचे सहकारी यांनी वंशसंबंधांच्या अभ्यासावरून कोलियस ही स्वतंत्र प्रजाती पुन्हा प्रस्थापित केली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून एवढा बोध घ्यावा की, जुनी सूचीपत्रे व नोंदवह्या धुंडाळताना एकाच झाडासाठी निदान पाचसहा नावांचा मागोवा घ्यावा लागतो. नाव बदलले म्हणजे झाड नाहीसे झाले असे नव्हे. उलट, नाव टिकले म्हणजे झाड टिकले असेही नव्हे. या दुसऱ्या विधानाचे विवेचन पुढे येईल.

३. काच, कर आणि कोळसा

जावातील झाड इंग्लंडात जगावयाचे तर प्रथम ते समुद्रप्रवासात जगले पाहिजे. ही अडचण नॅथॅनियल वॉर्ड या लंडनच्या वैद्याने सुचविलेल्या बंद काचपेटीने बऱ्याच अंशी दूर केली. १८२९ साली काचेच्या बंद बाटलीतील ओल्या मातीत आपोआप उगवलेली रोपे पाहून त्यास ही कल्पना सुचली. १८३३ साली अशा पेट्यांतून सिडनीपर्यंत रोपे पाठवून तिची परीक्षा घेण्यात आली, आणि १८४२ साली त्याने त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. मातीतून व पानांतून उडालेली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत झिरपत असल्यामुळे प्रवासात गोडे पाणी घालण्याची आवश्यकता राहत नसे, व खाऱ्या तुषारांपासूनही रोपांचे रक्षण होई.

पण बंदरात उतरल्यावर काय ? इंग्लंडात काचेवर अठराव्या शतकाच्या मध्यापासून अबकारी कर होता. तो वजनावर आकारला जात असल्यामुळे काच महाग, आणि काचघर हे जहागीरदारांचे वैभव, अशी स्थिती होती. १८४५ साली हा कर रद्द झाला. त्यानंतर सहा वर्षांनी हाइड पार्कमध्ये पॅक्स्टनने उभारलेल्या स्फटिक-प्रासादाने काचेचे हे नवे युग सर्व जगास दाखवून दिले. दरम्यान गरम पाण्याचे नळ फिरवून काचघर तापविण्याची पद्धती रूढ झाली होती. धुराच्या नलिकांनी तापविलेल्या जुन्या काचघरांपेक्षा या पद्धतीत उष्णता एकसारखी राही आणि हवाही कोरडी पडत नसे. कोळसा विपुल होता, आणि भट्टीत तो रात्रीबेरात्री टाकणारे हातही स्वस्त होते. जावातील कोलियस १८५० नंतरच्या काही वर्षांत हॉलंडमार्गे इंग्लंडात पोहोचला, तो नेमका अशा वेळी. वीस वर्षे अगोदर तो आला असता तर बहुधा एखाद्या वनस्पतिशास्त्रीय संग्रहातच राहिला असता.

४. ताटव्यांची आवड आणि संकरांची लाट

काच स्वस्त झाल्याचा सर्वांत दृश्य परिणाम म्हणजे ताटव्यांची पद्धती. हिवाळाभर काचघरात वाढविलेली हजारो नाजूक रोपे जूनच्या आरंभी हिरवळीतील आखीव वाफ्यांत लावावयाची, चार महिने रंगांची भूमितीय नक्षी मिरवावयाची, आणि हिम पडताच सर्व उपटून टाकावयाचे, असे या पद्धतीचे स्वरूप होते. प्रथम जिरेनियम, व्हर्बीना, कॅल्सिओलेरिया यांसारख्या फुलझाडांवर तिचा भर होता. परंतु इंग्लंडच्या पावसाळी उन्हाळ्यात फुले भिजून कुजत, तेव्हा रंग फुलांऐवजी पानांतच असेल तर बरे, असा विचार बळावला. कोलियसला नेमकी याच क्षणी मागणी आली.

बेल्जममधील गेंट येथील रोपव्यापारी अँब्रॉइज व्हर्शाफेल्ट याने जावातून आणविलेला एक गडद किरमिजी पानांचा प्रकार १८६१ साली लेमेर या शास्त्रज्ञाने त्याच्याच नावाने प्रसिद्ध केला. पूर्वीच्या कोलियसपेक्षा त्याचा रंग कितीतरी उठावदार होता, आणि उघड्यावरही तो चांगला टिकत असे. लंडनमध्ये बॅटर्सी पार्क येथे जॉन गिब्सन याच्या देखरेखीखाली १८६० नंतर उष्णकटिबंधीय झाडांचा जो प्रसिद्ध विभाग तयार झाला, त्याने पर्णशोभेची ही आवड सामान्य नागरिकांपर्यंत पोहोचविली. हा गिब्सन तरुणपणी, १८३५ ते १८३७ या काळात, डेव्हनशरच्या ड्यूकच्या वतीने भारतात येऊन खासी टेकड्यांतून ऑर्किडे घेऊन गेला होता, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. उष्ण प्रदेशातील वनराजीचा प्रत्यक्ष अनुभव आणि लंडनच्या सार्वजनिक बागेतील वाफा यांच्यामध्ये एकाच माणसाचे आयुष्य पुरे पडले.

राजकीय उद्यानसंस्थेच्या चिझिक येथील बागेत बाउझे या कुशल माळ्याने व्हर्शाफेल्टचा प्रकार व इतर प्रकार यांचे संकर घडविले. या संकरांची १८६८ साली लंडनमध्ये जाहीर लिलावाने विक्री झाली. एका विद्वत्संस्थेच्या बागेतील रोपे लिलावात चढाओढीने विकली जावीत, यावरून त्या काळातील ओढीची कल्पना येते. यानंतरच्या दशकात सूचीपत्रांतून नव्या नव्या नावांचा पाऊस पडू लागला.

५. हिवाळा राखण्याची रीत

या सर्व वैभवाचा पाया मात्र ऑक्टोबर ते मे या काळात, लोकांच्या दृष्टीआड, घातला जात होता. ही रीत थोडी तपशिलाने समजून घेतल्याखेरीज तिचे ऐतिहासिक महत्त्व कळणार नाही.

कोलियसला हिम मुळीच सोसत नाही. पण हिम पडण्यापूर्वीच त्याचे नुकसान सुरू होते. उष्णमान सुमारे १० अंश सेंटिग्रेडच्या खाली काही काळ राहिले की पाने लोंबतात, काळवंडतात व गळतात. थंडीने पेशींच्या पटलांतील स्निग्ध द्रव्ये घट्ट होऊन त्यांचे नियमन बिघडते, हे त्याचे कारण होय. मुळेही अशा वेळी पाणी ओढू शकत नाहीत, आणि कुंडीत ओल साचली तर ती कुजतात. म्हणून हिवाळ्यात राखावयाच्या झाडास सुमारे १५ अंशांची ऊब, मिळेल तेवढा प्रकाश आणि बेताचे पाणी ही त्रयी सांभाळावी लागते.

आता राखावयाचे ते काय ? वाफ्यातील थोराड झाड उपटून आत नेणे हे वरवर सोपे दिसते, परंतु अनुभवी माळी तसे करीत नसत. अशा झाडाची मुळे तुटतात, ते जागा फार अडविते, खालची पाने गाळून बसते, आणि मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांना आपल्याबरोबर काचघरात आणते. त्याऐवजी ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये, थंडीचा पहिला स्पर्श होण्यापूर्वी, फुलावर न आलेल्या कोवळ्या फांद्यांचे तीनचार इंच लांबीचे फाटे घेत. पेराच्या किंचित खाली कापावयाचे, खालची पाने काढावयाची, तुरा दिसत असल्यास तो खुडावयाचा, आणि वाळू मिसळलेल्या मातीत फाटा खोचून सावलीत, दमट हवेत ठेवावयाचा. खालून थोडी ऊब मिळाली तर दहापंधरा दिवसांत मुळ्या फुटतात. मग लहान कुंड्यांत एकेक रोप लावून ते काचेजवळ ठेवीत. डिसेंबर-जानेवारीत प्रकाश मंदावल्यामुळे पानांचे रंग फिके पडत, पण त्याची चिंता करण्याचे कारण नसे. त्या काळात जोमदार वाढ करून घेण्याचा मोह टाळणे हेच माळ्याचे कौशल्य. फेब्रुवारीत दिवस मोठा होऊ लागला की शेंडे खुडून त्यांचेच पुन्हा फाटे लावावयाचे, आणि मे महिन्यात रोपांना हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावून जूनमध्ये वाफ्यात न्यावयाचे.

यातील गणित उदाहरणादाखल मांडून पाहू. एका प्रकाराच्या पाच कुंड्या हिवाळ्यातून सुखरूप निघाल्या, प्रत्येकीपासून फेब्रुवारीत सहा फाटे मिळाले, तर तीस रोपे होतात. त्या तिसांपासून एप्रिलमध्ये प्रत्येकी तीन फाटे घेतले तर आणखी नव्वद. मातृरोपे धरून एकूण सव्वाशे झाडे झाली. नऊ इंच अंतराने लावल्यास त्यांनी सुमारे ७० चौरस फुटांचा वाफा भरतो. उलट बाजूने पाहिले तर, जानेवारीच्या एका रात्री भट्टी विझल्यामुळे पाचांतील एक कुंडी जरी दगावली, तरी जूनमधील पंचवीस झाडांची जागा रिकामी पडते. पाचही दगावल्या तर तो प्रकार त्या बागेपुरता संपला. तो दुसऱ्या कोणाकडे नसेल तर तो जगातूनच संपला.

कारण असे की, कोलियसचे बी तयार होते व सहज उगवतेही, पण ते मातृरोपाचे हुबेहूब रूप देत नाही. ओहायो येथील डेव्हिड राइफ यांनी १९४० च्या दशकात या झाडाच्या आनुवंशिकतेवर जे प्रयोग केले, त्यांतून रंग व नक्षी यांच्या वारशाचे काही नियम स्पष्ट झाले. शिवाय काही प्रकारांत पानांचे निरनिराळे थर निरनिराळ्या आनुवंशिक घडणीचे असतात. ही रचना बियांतून उतरत नाही. यास्तव नाव असलेला प्रत्येक प्रकार म्हणजे एकाच मूळ रोपाचे अखंड चालत आलेले शरीर असते, आणि ते केवळ फाट्यांच्या साखळीने पुढे जाते.

६. भट्टीजवळचे हात आणि खिडकीतले पेले

या साखळीच्या कड्या कोणी जोडल्या ? व्हर्शाफेल्ट, बाउझे यांची नावे नोंदली गेली. परंतु रात्री दोन वाजता उठून भट्टीत कोळसा टाकणारे उमेदवार माळी इतिहासात क्वचितच दिसतात. इंग्लंडातील मोठ्या बागांत हे अविवाहित तरुण काचघराच्या भिंतीला लागून असलेल्या खोल्यांत राहत, ते याचसाठी. उष्णतामापकाचा पारा उतरला तर सकाळी जाब त्यांना द्यावा लागे. ताटव्यांची ती नेत्रदीपक पद्धती स्वस्त मजुरीवर उभी होती, ही गोष्ट तिच्या सौंदर्याची चर्चा करताना बहुधा वगळली जाते.

दुसरी परंपरा याहूनही अबोल आहे. ज्यांच्याकडे काचघर नव्हते, त्या सामान्य गृहस्थांनीही हे झाड आपलेसे केले. न्यूयॉर्कजवळील जर्सी सिटी येथील पीटर हेंडरसन या रोपव्यापाऱ्याने १८६० च्या दशकात बागकामावर जी पुस्तके लिहिली, त्यांत फाट्यांची परीक्षा सोप्या रीतीने सांगितली आहे. वाकविला असता जो फाटा कट्‌कन मोडतो तो योग्य अवस्थेत आहे, जो नुसताच लवतो तो जून झाला आहे. बशीत ओली वाळू घेऊन, ती सतत भिजती ठेवून, उन्हात फाटे रुजविण्याची त्याने सांगितलेली युक्ती घरगुती बागप्रेमी लोकांच्या आवाक्यातील होती. पेलाभर पाण्यात फांदी ठेवली तरी कोलियसला मुळ्या फुटतात. स्वयंपाकघरातील चुलीच्या उबेजवळील खिडकी हे गरीब घरातील काचघर ठरले. शेजारणीला एक फांदी द्यावी, पुढच्या वर्षी आपली मेली तर तिच्याकडून परत आणावी, असा हा व्यवहार होता. त्यात नाव बहुधा गळून पडे, झाड मात्र टिके. या झाडास इंग्रजी लोकव्यवहारात ‘गरिबाचा क्रोटन’ म्हणत, ते सार्थच होते.

इतिहासाच्या साधनांचा प्रश्न येथे तीव्रतेने उभा राहतो. सूचीपत्रांत नावे आहेत, पण ती झाडे किती वर्षे जगली हे त्यांतून कळत नाही. खिडक्यांत झाडे जगली, पण त्यांची नोंद नाही. पहिल्या साधनावरच विसंबल्यास व्यापार हाच इतिहास वाटू लागतो. घरगुती पत्रे, रोजनिशा, छायाचित्रे यांचा शोध घेतल्याखेरीज दुसरी बाजू उजेडात येणार नाही.

७. खंड

ताटव्यांच्या पद्धतीवर विल्यम रॉबिन्सन याने १८७० पासून, आणि विशेषतः १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुष्पोद्यानावरील ग्रंथातून, कठोर टीका केली. वर्षातील बराच काळ उघडे पडणारे वाफे, कृत्रिम आकृती आणि परदेशी रोपांवरील खर्च यांचा त्याने निषेध केला, व देशी आणि कणखर झाडांचा पुरस्कार केला. अभिरुची बदलू लागली. तथापि निर्णायक आघात अभिरुचीने केला नाही, तो कोळशाने केला. पहिल्या महायुद्धात बागांतील तरुण माळी सैन्यात गेले, आणि कोळसा युद्धोद्योगाकडे वळला. पॅक्स्टननेच चॅट्सवर्थ येथे उभारलेले विशाल उष्ण काचघर युद्धकाळात तापविता आले नाही. त्यातील वनस्पती मेल्या, आणि १९२० साली ती इमारतच पाडण्यात आली. त्यात कोलियस होता की नव्हता हा येथे प्रश्न नाही. हाताने व उष्णतेने टिकविलेली कोणतीही वनस्पतिसंपत्ती एका हिवाळ्यात कशी नाहीशी होते, याचे ते ठळक उदाहरण आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यात बियांपासून स्वस्तात वाढविता येणारे मिश्र रंगांचे वाण प्रचारात आले. हिवाळा राखण्याची दगदग संपली, कारण आता झाड नव्हे, बियांचे पाकीट राखावयाचे होते. परंतु याबरोबरच प्रकारांचे व्यक्तित्व मावळले. याच काळात कोलियसला प्रयोगशाळेत नवे स्थान मिळाले, हा योगायोग मनोरंजक आहे. प्रिन्स्टन येथील विल्यम जेकब्ज यांनी १९५२ साली कोलियसच्या देठास जखम करून, पानांतून उतरणारे वाढद्रव्य जखमेभोवती जलवाहिन्यांची पुनर्रचना कशी घडविते हे दाखविले. जो गुण माळ्याला फाटा रुजविताना उपयोगी पडे, तोच आता शास्त्राच्या कक्षेत आला.

१९९० नंतर अमेरिकेत फाट्यांपासून वाढविलेल्या, उन्हात टिकणाऱ्या प्रकारांचे पुनरुज्जीवन झाले, आणि फ्लोरिडा विद्यापीठासारख्या संस्थांनी संकरणाचे काम हाती घेतले. परंतु फाट्यांबरोबर रोगही प्रवास करतात. २००५ साली अमेरिकेत कोलियसवर केवडा रोग प्रथम आढळला. साखळी अखंड राखण्याची ही किंमत आहे.

८. आपल्या भूमीतील व्यत्यास

महाराष्ट्रात हा प्रश्न जवळजवळ उलटा होतो. कोकणात व मुंबईत हिवाळा हा कोलियसच्या सुखाचा काळ. निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या जागा आणि विदर्भातील काही रात्री सोडल्या, तर कुंड्या रात्री भिंतीच्या आडोशाला ओढण्यापलीकडे काही करावे लागत नाही. येथे झाड मरते ते एप्रिल-मेच्या कोरड्या झळांनी, किंवा आषाढातील साचलेल्या पाण्याने. इंग्रज रहिवाशांसाठी फर्मिंजरने १८६० च्या दशकात, आणि पुण्याजवळ गणेशखिंड येथील वनस्पती-उद्यानाचे काम पाहणाऱ्या वुड्रोने नंतरच्या काळात, भारतातील बागकामावर पुस्तके लिहिली, याचे कारण हेच. मायदेशातील बागकामाचे पंचांग येथे चालत नव्हते. आपल्याकडे फाटे घ्यावयाचे ते पावसाचा जोर ओसरल्यावर, आणि जपावयाचे ते उन्हाळ्यात, ओलसर सावलीत.

आणखी एक भेद आहे. पश्चिमेत कोलियस केवळ शोभेचा ठरला, आपल्याकडे त्याचे भाऊबंद उपयोगाचे राहिले. पानओव्याचा उल्लेख वर आलाच आहे. माईनमुळ्याची मुळे लोणच्यासाठी लावली जातात. या झाडाच्या शास्त्रीय नावात, लिनियसचा शिष्य व १७६३ साली येमेनमध्ये मरण पावलेला प्रवासी फोर्स्कोल, याची स्मृती होती. त्याच्या मुळांतील फोर्स्कोलिन हे द्रव्य १९७० च्या दशकात मुंबईतील हेक्स्ट कंपनीच्या संशोधनकेंद्रात वेगळे करण्यात आले, आणि पेशींतील संदेशवहनाच्या अभ्यासात ते जगभर उपयोगी पडले. या जातींना काचघर लागले नाही, लिलाव लागला नाही. परसातील फांदी दुसऱ्या परसात जात राहिली, एवढेच.

९. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कोलियसचा प्रसार हा एखाद्या संशोधकाच्या किंवा व्यापाऱ्याच्या पराक्रमाचा परिणाम नसून काचेवरील कर, कोळशाचा भाव, मजुरीचा दर आणि पर्णशोभेची आवड या चार गोष्टी एका वेळी जुळल्याचा परिणाम आहे. त्यांपैकी कोळसा आणि मजुरी निखळताच ती इमारत ढासळली. दुसरी, फाट्यांनी टिकणाऱ्या वनस्पतीच्या बाबतीत नाव आणि वस्तू यांची फारकत होऊ शकते. १८६८ च्या सूचीपत्रातील एखादे नाव आज आढळले तर ते तेच झाड आहे असे गृहीत धरता येणार नाही. मधला प्रत्येक हिवाळा कोणी, कोठे राखला हे सिद्ध करावे लागेल. तिसरी, असे सिद्ध करणारे पुरावे बहुधा ज्यांनी लिहून ठेवले नाही अशा लोकांच्या हाती होते.

ही शेवटची गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यास अस्वस्थ करणारी आहे, आणि तिने तसे करावे हेच योग्य. आपण कागदपत्रे, नाणी, शिलालेख यांच्या सहवासात असल्यामुळे टिकणे हा वस्तूंचा स्वभाव आहे असे नकळत मानून चालतो. ताम्रपट जमिनीत पुरला गेला तरी चारशे वर्षांनी नांगराला लागतो. कोलियसच्या फाट्याला अशी क्षमा नाही. गीत, बोली, पाककृती, हस्तकौशल्य या गोष्टीही याच वर्गातील आहेत. त्या पिढीगणिक नव्याने रुजवाव्या लागतात, आणि ज्या वर्षी कोणी रुजवीत नाही त्या वर्षी त्या संपतात. त्यांच्या अंताची तारीखही मागे राहत नाही. अशा गोष्टींचा इतिहास लिहिताना त्या कोणी निर्माण केल्या या प्रश्नाइतकाच, त्या दर वर्षी कोणी राखल्या, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. महाराष्ट्रातील परसबागा, माळी समाजाची रोपवाटिकांची परंपरा आणि संस्थानी उद्याने यांच्या संदर्भात हा प्रश्न घेऊन काम करण्यास मोठा वाव आहे. जुन्या उद्यानांच्या हिशेबवह्यांत कोळसा, शेणखत, कुंड्या आणि रोजंदारी यांचे जे आकडे धूळ खात पडले असतील, तेथून या कामास आरंभ करता येईल.